रेघा उभ्या हव्यात

शाळेचे निवासस्थान, हा-सेआका
मंगळवार, ११ जून

श्रीमती माथातो पुलेंग रान्त्साने,

तुला पूर्ण नावाने संबोधले आहे, याचा राग मानू नकोस. दगडावर कोरायला दिलेले नाव हेच आहे. आणि ज्या पत्राची पोच मिळणे कठीण, त्यावर निदान नाव तरी पूर्ण असावे असे मला वाटते.

या पत्राचा विषय थोडक्यात सांगता येईल. मी निवृत्त होत असल्याने हे घर महिनाअखेर रिकामे करून किल्ल्या शाळेच्या कार्यालयात परत करायच्या आहेत. आणि तू गेल्यापासून या घरात एकदाही आलेली नाहीस.

एप्रिलपासून मी दाराला कुलूप लावलेले नाही. कडीसुद्धा लावत नाही. वारा दार ढकलतो, मी मान वर करून पाहतो आणि पुन्हा पुस्तकात पाहू लागतो. मालिनेओ वहिनींच्या स्वप्नात तू गेलीस आणि भोपळ्याच्या बिया कोणत्या डब्यात ठेवल्या आहेत ते त्यांना सांगितलेस, असे समजले. बिया तिथेच सापडल्या. तुझी बहीण म्हणते की तिच्याकडे तू दोनदा आलीस, आणि दुसऱ्या खेपेस तर हसत होतीस.

मी गणित शिकवले, दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसलो, आणि गेलेल्यांच्या येण्याजाण्यावरून तुझी थट्टा केली. हे सर्व मला मान्य आहे. परंतु गेलेली माणसे घरच्यांच्या झोपेत येतात हे तू मानत होतीस, मी नव्हे. तेव्हा येण्याची जबाबदारी तुझी आहे.

जुलैपासून मी खाली सखल भागात, मफेतेंगला, बहिणीकडे राहणार आहे. ते घर तू पाहिलेले नाहीस. तिथे सारख्या पत्र्यांच्या सारख्याच घरांच्या रांगा आहेत आणि मलाही ते घर विचारत विचारत जावे लागते. या घरातली प्रत्येक खुंटी तुझ्या ओळखीची, तरी तू इथे आली नाहीस. मग तिथे मला कशी शोधणार? म्हणून यायचे असल्यास या महिन्यातच यावे, ही विनंती.

इतर बाबी. अंत्यसंस्कार यथायोग्य झाला. शवपेटीचे झाकण ठरल्या वेळी बंद झाले. त्याविषयी माझी काही तक्रार नाही. मे महिन्यात माझ्या बाहीवरची काळी फीत काढली आणि त्याच दिवशी तुझे कपडे नातेवाइकांत वाटले. कणसांच्या नक्षीचे तपकिरी कांबळे मात्र मी दिले नाही. मालिनेओ वहिनींनी, न्ताते हे आदराचे संबोधन न सोडता, सर्वांदेखत विचारले, ‘न्ताते, बाईमाणसाचं कांबळं ठेवून तुम्ही काय करणार? छातीवर पिन लावून बाजारात जाणार का?’ सगळे हसले. थोरले बंधूही हसले. मी एवढेच म्हणालो की ते मिळणार नाही. त्याला तुझा वास आहे, हे कारण चारचौघांत सांगण्याजोगे नव्हते.

आणखी एक. लग्नात माझ्या आईने तुला माथातो, थातोची आई, असे नाव दिले. थातो काही जन्माला आला नाही. तरी तू मला रा-थातो म्हणत राहिलीस, थातोचा बाप. इतरांनी सौजन्य म्हणून ते नाव केव्हाच सोडून दिले. आता ते कानावर पडत नाही, एवढेच नमूद करतो.

तुझा,
लेबेको रान्त्साने


हा-सेआका
शुक्रवार, १४ जून

प्रिय माथातो,

आज मोखेथी आला होता. हे पत्र मी रागात लिहीत आहे; अक्षर बिघडल्यास त्याचे कारण तेच.

तो तुझ्या माहेरच्या गावचा. लहानपणी तुम्ही एकत्र कोकरे राखलीत, म्हणून तो तुला अजून पुलेंग म्हणतो. खाणीतून तो खोकला आणि चावट विनोद तेवढे घेऊन परत आला. दुकान त्याची बायको चालवते आणि तो दुकानाच्या बाहेर बसतो. माझा असा मित्र कसा, हे तुलाही कधी उमगले नाही. मलाही नाही.

तो उंबऱ्यावर बूट आपटत म्हणाला, ‘मास्तर, दार सताड उघडं! शेळी घुसली तर तिलाही वर्गात बसवशील का?’

‘बस. चहा घे.’

‘तुझा चहा? त्यापेक्षा खोकला बरा.’ तरी त्याने घेतला. रिकाम्या खोक्यांकडे पाहून म्हणाला, ‘अजून एक पुस्तक आत गेलं नाही. किल्ल्या कधी द्यायच्यात?’

‘महिनाअखेर.’

‘म्हणजे नव्या मास्तरणीला तुझ्यासकटच घर मिळणार.’ मग त्याने कप खाली ठेवला. ‘ती आली होती.’

‘कोण?’

‘कोण म्हणजे? माझी सासू? पुलेंग. स्वप्नात. आमच्या चुलीपाशी उभी, हात असे पुढे धरलेले. म्हणाली, मोखेथी, गारठलेय मी.’

‘आणि?’

‘आणि काय? गारठलेल्या बाईनं भाषण करायचं का?’

मी विचारले, ‘तुझ्याकडे का?’

‘मला काय ठाऊक?’

‘माझं घर वाटेवर आहे. दार उघडं आहे. ती तुझ्या चुलीपाशी का गेली?’

यावर त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की त्याला निघून जायला सांगावे असे मला वाटले. तो म्हणाला की कारण उघड आहे. तुझे कांबळे इथे माझ्या गुडघ्यांवर आहे आणि तू तिथे गोठलेल्या मातीत आहेस. कांबळे न्यावे, तुझ्यावर पांघरावे, आणि मग रीतीप्रमाणे कोणा जिवंत बाईच्या अंगावर घालावे, म्हणजे ऊब तुला पोचेल. ‘रस्त्यानं दोन दिवस लागतील. गिधाडांच्या खिंडीतून एका दिवसात तुझ्या गावी, हा-रान्त्सानेला. तू, मी आणि काठ्या.’

मी म्हणालो की माझा या गोष्टींवर विश्वास नाही.

‘मग दार कशाला उघडं ठेवतोस?’

मी कांबळे गुडघ्यांवर ओढले. सूर्य डोंगराला टेकला तेव्हा तो गेला.

तुला भेटायचे होते तर तुझा नवरा इथे होता. तो शेगडीपाशी, खुर्चीत, जागच्या जागी होता. इतकेच लिहून थांबतो.

लेबेको

ता. क. शनिवार, सकाळ. काल लिहिताना एक वाक्य राहून गेले. वृत्तान्त अपुरा असू नये म्हणून ते इथे देतो. मोखेथीने तुझे आणखी एक बोलणे सांगितले: ‘रेघा आडव्या आल्यात, रा-थातो.’ हे त्याने चहाआधी सांगितले की नंतर, ते आठवत नाही. बहुधा जाताना वळून म्हणाला असावा, कारण मला ते दाराकडून ऐकू आले. मी खुर्चीत होतो आणि डोळे मिटलेले होते.

या वाक्याचा अर्थ मला माहीत आहे. त्याला तो माहीत असण्याचे काहीच कारण नाही. याहून अधिक आत्ता लिहिता येत नाही. मी खिंडीतून जाईन.


हा-सेआका
बुधवार, १९ जून

प्रिय माथातो,

जूनच्या थंडीला शोभेल असा बर्फ पडला. रस्ता बंद आहे. मोखेथीचे तट्टू बर्फावर घसरते, म्हणून पायीच जायचे. शनिवार ठरला.

मोखेथीची बायको शिधा देणार आहे. तिने मला दुकानाच्या दारातून सुनावले, ‘न्ताते, तुम्ही शिकलेले आणि हा अर्धवट. दोघं मिळून एक शहाणा माणूस होतो का ते बघू. याला परत आणा, एवढंच म्हणणं आहे. नाही आणलात तरी चालेल, पण कळवा.’

कार्यालयातल्या बाईंनी, म्मे मारेथाबिले यांनी, किल्ल्यांची आठवण करून दिली. विज्ञानाची नवी शिक्षिका तान्ह्या बाळाला घेऊन येणार आहे. घर लवकर मिळाले तर बरे. मी होकार दिला. खोकी अजून रिकामीच आहेत.

रेघांविषयी मी मोखेथीला विचारलेले नाही. त्याला ते कोणी सांगितले, या प्रश्नाचे उत्तर एकच असू शकते. आणि ते त्याच्या तोंडून ऐकण्याची माझी तयारी नाही.

लेबेको


हा-सेआका
सोमवार, २४ जून

प्रिय माथातो,

मी परत आलो आहे. जे घडले ते क्रमाने लिहितो.

आम्ही उजाडताच निघालो. कांबळे मी गुंडाळून पाठीला बांधले होते. मोखेथीने दोन कांबळी पांघरली होती, डोक्यावर गवती टोपी आणि तिच्या आत माकडटोपी. त्याला पाहून कोणाचे कुत्रे भुंकले तर तो म्हणायचा, ‘बघ, मास्तर, सुशिक्षित कुत्रं आहे.’ ओढा गोठला होता. गावाबाहेर गोवऱ्यांचा धूर जमिनीलगत पसरला होता आणि त्याच्यावर डोंगर इतका पांढरा की त्याच्याकडे पाहवेना.

चढण लागल्यावर मोखेथी पुढे झाला. तो काठीने बर्फ खुपसून वाट शोधत होता आणि मी त्याच्या पावलांत पाऊल टाकत होतो. काही वेळाने मी त्याच्या जवळ गेलो, तेव्हा तो मागे न पाहता ओरडला, ‘अंगावर येऊ नकोस. जागा ठेव.’

जागा किती ठेवायची, हे दोघांनाही ठाऊक होते. या वाटेवर तू नेहमी मध्ये चालायचीस. पुढे तो, मागे मी. तुला धाप लागली की तू त्याच्या कांबळ्याचे टोक धरायचीस आणि मागे वळून मला म्हणायचीस की माझा श्वास मोजून टाकल्यासारखा ऐकू येतो. आमच्या दोघांमध्ये एका माणसाची जागा रिकामी चालत होती. ती कमी झाली की मोखेथी कुरकुरायचा. ती वाढली की मीच पाय उचलायचो. खिंडीपर्यंत हे असेच चालले.

अर्ध्या चढणीवर धुके उतरले. मोखेथी माझ्यापासून हाकेवर होता, तरी कधी नुसती त्याची टोपी दिसायची, कधी तेवढीही नाही. मधल्या जागेत मात्र धुके जास्त दाट वाटत होते. हा डोळ्यांचा दोष असू शकतो. मी एकदा तिथे हात पुढे केला. हाताला काही लागले नाही. हातमोजा ओला झाला.

खिंडीत दगडांची रास बर्फाखाली होती, तरी तिचा उंचवटा ओळखू येत होता. मोखेथीने बूट मारून एक दगड सोडवला आणि राशीवर ठेवला. वाटसरूंनी ठेवायचा तो एक. तू नेहमी दोन ठेवायचीस. दुसरा कोणासाठी, हे मी कधी विचारले नाही. मी एकच ठेवला.

वाऱ्याच्या आडोशाला बसून आम्ही भाजलेल्या मक्याचे पीठ खाल्ले. साखर कमी आणि मीठ जास्त होते. मोखेथी म्हणाला, ‘बायकोनं सूड घेतला.’ मग त्याने तोंड पुसले, पुन्हा पुसले, आणि म्हणाला, ‘मास्तर, एक सांगतो. ओरडायचं नाही.’

‘मी ओरडत नाही.’

‘ओरडत नाहीस, पण बघतोस ना तसा. तसंही बघायचं नाही.’ त्याने नजर बर्फाकडे वळवली. ‘मला स्वप्न पडलं नव्हतं.’

मी पिठाची चिमूट तोंडात टाकली.

‘पुलेंग आली नव्हती. चुलीपाशी कोणी उभं नव्हतं. तू दार उघडं टाकून त्या खुर्चीत बसायचास, जेवायचास की नाही देव जाणे. एक पुस्तक आवरीनास. म्हटलं, महिना संपेल आणि शाळेवाले याला खुर्चीसकट बाहेर ठेवतील. पाद्र्याचं तू ऐकलं नाहीस. बहिणीचं ऐकलं नाहीस. माझं कोण ऐकतंय? म्हटलं, एकीचंच ऐकतो हा. म्हणून तिला आणलं.’

पहिली भावना कोणती, हे मी तुझ्यापाशी लपवणार नाही. मला आनंद झाला. तू त्याच्याकडे गेली नव्हतीस. त्या गारठ्यात, पीठ तोंडात असताना, माझ्या वयाच्या माणसाला न शोभेल इतका आनंद झाला. मग संताप आला.

‘तू गेलेल्या माणसाच्या नावानं खोटं बोललास.’

‘बोललो.’

‘माझ्या बायकोच्या नावानं.’

‘हो, बाबा, तुझ्याच. काठी घाल डोक्यात. पण टोपीवर घाल, टोपी नवी आहे, बायको तुला विचारील.’

‘आणि रेघांचं कशाला घुसडलंस? एवढं खोटं पुरेसं नव्हतं?’

‘कसल्या रेघा?’

‘जाताना दारातून म्हणालास ते.’

‘दारातून मी “येतो” म्हणालो. तू उत्तर दिलं नाहीस. झोपलास वाटलं, म्हणून गेलो.’

‘रेघा आडव्या आल्यात, असं ती म्हणाली म्हणून तू सांगितलंस.’

मोखेथी माझ्याकडे पाहत राहिला. हातातले पीठ त्याने खाली टाकले. ‘मास्तर, गारठलेय एवढंच मी बोललो. रेघांचं मला काय ठाऊक? कुठल्या रेघा?’

तेव्हा मी त्याला सांगितले. जे तुलाही आजवर लिहिले नव्हते ते. त्या सकाळी सर्वांनी तुझे अंत्यदर्शन घेतले, नंतर पेटी सरकवताना तुझ्यावरचे नवे कांबळे विस्कटले. पेटी घेऊन शहरातून आलेल्या माणसांनी ते पुन्हा घातले, घाईने आणि आडवे. कांबळ्याच्या रेघा उभ्या हव्यात, वाढत्या पिकासारख्या. हे आपल्याकडे रांगते मूलही जाणते. आडव्या रेघा कोणी शत्रूच्या अंगावरही घालत नाही. त्या माणसांना कामाची घाई होती. शेवटी तुला पाहणारा मी होतो. पाद्री वाचत होते. वाचन चालू असताना मध्ये बोलणे योग्य नव्हे, म्हणून मी ‘आमेन’ होण्याची वाट पाहिली, आणि ‘आमेन’बरोबरच झाकण बसले. हे मी कोणालाही सांगितलेले नाही.

‘तू तेव्हा कुठे होतास?’ मी विचारले.

‘खड्ड्यात,’ मोखेथी म्हणाला. ‘पहाटेपासून. कुदळ माझ्याच हातात होती. मी वर आलो तेव्हा पेटीला खिळे होते.’

धुके आमच्या अंगावरून सरकत होते. त्याने हळूच विचारले, ‘नेमकं काय म्हणाली?’

‘“रेघा आडव्या आल्यात, रा-थातो.”’

मोखेथीने दोन्ही टोप्या काढल्या. इतक्या थंडीत मी त्याचे उघडे डोके प्रथमच पाहिले. तो म्हणाला, ‘मी तुला आयुष्यात कधी रा-थातो म्हटलंय?’

नाही. त्याने मला मास्तर म्हटले आहे, म्हातारा म्हटले आहे, मोजपट्टी म्हटले आहे. ते नाव या डोंगरात एकाच तोंडी होते. आणि मी ते वाक्य स्वतःच्या हाताने लिहिले, त्यातले ते नावही लिहिले, आणि त्याच्या खाली दुसऱ्याचे नाव घातले. वर्षानुवर्षे मी मुलांना बजावत आलो की उत्तर बरोबर आहे म्हणून थांबू नका, ते कोठून आले ते पाहा.

तू आली होतीस. मी खुर्चीत होतो, दार उघडे होते, आणि तू दारात उभी राहून माझ्याशीच बोललीस.

‘मास्तर,’ मोखेथी म्हणाला, आणि त्याचा आवाज बारीक झाला होता, ‘आपण परत फिरू या का? मी गंमत म्हणून तिला बोलावलं. ती खरंच येईल असं मला कुठे वाटलं होतं?’

‘ऊठ.’

‘मला धुक्यात मागून चालायला सांगू नकोस. आणि पुढूनही नको.’

‘मग शेजारून चाल. पण ऊठ.’

मी बर्फ खरवडून आणखी एक दगड काढला आणि राशीवर ठेवला. मोखेथीने तो पाहिला आणि काठी उचलली.

हा-रान्त्सानेला पोचलो तेव्हा दिवस अजून होता. थोरले बंधू अंगणात शेळ्यांना कोंडत होते. त्यांनी ‘शांती असो’ म्हणून आमचे स्वागत केले आणि आमच्या बुटांकडे पाहून पुढचे प्रश्न आवरले. मालिनेओ वहिनींनी ते आवरले नाहीत. ‘दोन म्हातारे, बर्फातून! न्ताते, रस्ता उघडला की यायचं होतं. मेलेलं माणूस कुठे पळून जातंय?’

‘ते कांबळं आणलंय,’ मी म्हणालो.

त्यांनी माझ्या पाठीवरच्या गुंडाळीकडे पाहिले. मग चुलीवरचे भांडे उतरवून हात पुसत आमच्याबरोबर आल्या.

तुझ्यावर गुडघाभर बर्फ होता. मोखेथी आणि बंधूंनी तो हातांनी बाजूला केला. डोके कुठे आणि पाय कुठे ते मला माहीत होते. मी गाठ सोडली आणि कांबळे पसरले, डोक्यापासून पायांकडे. एक टोक वाऱ्याने उलटले. ते पुन्हा नीट केले. बोटांनी रेघा तपासल्या. प्रार्थना मी म्हणावी अशी सर्वांची अपेक्षा असावी. मी मोठ्याने म्हणालो, ‘रेघा उभ्या आहेत.’ बंधूंनी ‘आमेन’ म्हटले.

दिवस मावळेपर्यंत ते तिथे राहू दिले. मग मी ते उचलले, बर्फ झटकला आणि वहिनींना दिले.

‘मे महिन्यात मागितलं तेव्हा तुमचं नाक केवढं वर होतं,’ त्या म्हणाल्या. पण आवाजात टोमणा उरला नव्हता. त्यांनी कांबळे तोंडाशी नेले आणि वास घेतला. मी दुसरीकडे पाहिले. ‘न्ताते,’ त्या म्हणाल्या, ‘याला खडूचा वास येतोय. खडूचा आणि रॉकेलचा. हे तर तुमचंच झालंय.’

मी ते घेऊन पाहिले. खरे होते. तुझा वास त्यात कितीतरी दिवसांपासून नसावा. त्या खुर्चीत मी स्वतःलाच पांघरून बसलो होतो.

वहिनींनी ते पांघरले, छातीवर मोठी पिन लावली. डाव्या खांद्यावर एक रेघ तिरकी झाली होती. भावजयीच्या अंगाला हात लावणे रीतीला धरून नाही, तरी मी ती सरळ केली. त्यांनी करू दिली.

काल परतलो. ऊन पडले होते. मोखेथी पुढे आणि मी त्याच्या मागे. कोणी ठरवले नव्हते, पण मधली जागा आता नव्हती. त्याच्या काठीचे टोक माझ्या बुटांना लागत होते आणि तो सारखा म्हणत होता, ‘मास्तर, वाट बघून चाल, माझ्याकडे काय बघतोस?’

घरी आल्यावर मी पहिले खोके भरले.

लेबेको


हा-सेआका
शुक्रवार, २८ जून

प्रिय माथातो,

या पत्त्यावरून हे शेवटचे पत्र.

त्यानंतर तू आलेली नाहीस. मी वाट पाहिली नाही, असे लिहिले तर ते खोटे होईल. सोमवारपासून रात्री दाराला कडी लावतो. पहिल्या रात्री मी दोनदा उठून कडी काढली आणि दोनदा लावली. काल एकदाही उठलो नाही.

खोकी मोखेथीच्या मेव्हण्याच्या ट्रकमध्ये चढवली आहेत. मोखेथी वर बसून हुकूम सोडतो आहे. त्याच्या बायकोने वाटेसाठी पुन्हा भाजलेल्या मक्याचे पीठ दिले. साखर या वेळी बरोबर आहे. मोखेथी कोणाला त्या खिंडीची गोष्ट सांगत नाही. विचारले तर ‘थंडी होती’ एवढेच म्हणतो. आता तो स्वप्नांवरून विनोदही करत नाही. ही सवय किती दिवस टिकेल ते पाहायचे.

नवी शिक्षिका सकाळी घर पाहून गेली. बाळ मोठ्याने रडत होते. मोकळ्या खोलीत तो आवाज भरून राहिला. तिने विचारले, ‘न्ताते, इथे वारा फार आत येतो का?’ मी म्हणालो की कडी लावली तर येत नाही.

मफेतेंगमध्ये तू मला कशी शोधणार, हा प्रश्न मी पहिल्या पत्रात विचारला होता. तो मागे घेतो. तिथला पत्ता देत नाही. घरे सारखी असोत, दार बंद असो, मी झोपेत असो वा जागा. त्या नावाने मला हाक मारणारे दुसरे कोणी नाही. या वेळी ऐकण्यात चूक होणार नाही.

कुलूप एप्रिलपासून वापरात नसल्याने गंजले होते. थोडे रॉकेल सोडल्यावर फिरले. दाराला कुलूप लावले. किल्ल्या कार्यालयात म्मे मारेथाबिले यांच्या हाती परत केल्या.

तुझा,
रा-थातो